फुटपाथचा पत्ता

जुलै १९८१. ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरची कुटुंबे उठवून मूळ गावी धाडायचे जाहीर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पर्यायी जागा मिळावी असे म्हटले ते १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. ती गणना मुख्यतः झोपडपट्ट्यांची. फुटपाथवरचे बहुतेक जण तिच्या बाहेरच राहिले होते. डोक्यावरचे छप्पर अशा एका जुन्या नोंदीवर ठरावे, हा उघड अन्याय होता.

मग गणना लोकांनीच केली. ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवासीयांची नोंद घेऊन १९८५ मध्ये अहवाल काढला. पाठोपाठ तिथल्याच बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. रेशनकार्डासाठी एकटीने खेटे घालण्याऐवजी त्या एकजुटीने कचेरीत जाऊ लागल्या.

कागद नसलेल्यांची ही अडचण पुढे सरकारनेही ध्यानात घेतली. ‘आधार’चे वाटप २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत सुरू झाले, तेव्हा अशांसाठी ओळख पटवणाऱ्या परिचयकर्त्याची सोय होती.

मतदारयादीचा नियम तर याहून माणुसकीचा आहे. बेघर माणसाने अर्जात लिहिलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जायचे आणि तो खरेच तिथे झोपतो का, ते पाहायचे. झोपत असेल, तर पत्त्याचा पुरावा मागता येत नाही. तुमच्या रस्त्यावर असे कुटुंब असेल, तर त्यांना मतदारनोंदणीचा नमुना ६ चा अर्ज भरून द्या.