गेमर्सचं लिनक्स कुणी ठरवलं?

परवा लोणंदला घरी गेलो, तर चुलतभावाने विचारलं, "दादा, विंडोज 10 चा सपोर्ट संपला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर गेमिंगसाठी कोणतं लिनक्स टाकू?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरात दहा-बारा वर्षांचा इतिहास आहे.

2012 मध्ये विंडोज 8 आलं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप स्टोअर होतं. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्हला धास्ती वाटली, उद्या आपल्या दुकानाला जागाच उरली नाही तर? म्हणून फेब्रुवारी 2013 मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, आणि तेही आधी उबंटूवर. साहजिकच गेमर्सही उबंटूवर गेले.

मग वॉल्व्हने डेबियनवर आधारलेलं स्टीमओएस काढलं. 2015 मध्ये त्यावरची स्टीम मशीन्स बाजारात आली आणि आपटली. कारण सरळ होतं, लिनक्सवर चालणारे गेम्सच कमी. ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आलं आणि विंडोजचे गेम्स थेट लिनक्सवर चालायला लागले. खरा बदल हा.

जून 2019 मला नीट आठवतो. बीटेक नुकतं संपलं होतं, लॅपटॉपवर उबंटू होतं. तेवढ्यात कॅनॉनिकलने जाहीर केलं की पुढच्या उबंटूत 32 बिटची पॅकेजेस नसतील. जुन्या गेम्सना तीच लागतात! वॉल्व्ह म्हणालं, मग उबंटू 19.10 ला आमचा सपोर्ट नाही. थोड्याच दिवसांत कॅनॉनिकलने माघार घेतली. माझे गेम्स वाचले, पण दोरी कुणाच्या हातात आहे ते कळलं.

2022 मध्ये स्टीम डेक आला. त्यातलं नवं स्टीमओएस आर्चवर आधारलेलं, कारण आर्चमध्ये अपडेट्स सतत येत राहतात. आज स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सवाल्यांमध्ये स्टीमओएस पहिलं आहे. पण बघा, त्यातल्या बहुतेकांनी ते निवडलेलं नाही, डेकसोबत मिळालंय. ऑक्टोबर 2025 मध्ये लिनक्सचा एकूण वाटा पहिल्यांदा 3 टक्क्यांपुढे गेला, त्यातही डेकचा हात मोठा.

म्हणून भावाला सांगितलं, "पहिल्या नंबरावर जाऊ नकोस. प्रोटॉन मिंटवरही चालतं, फेडोरावरही. आधी तुझे गेम्स सांग."

तो म्हणाला, "व्हॅलोरंट."

ते मात्र कुठल्याच लिनक्सवर चालत नाही. त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा फक्त विंडोजसाठी आहे. दोरी तिथेही दुसऱ्याच्याच हातात!

तुमच्या लॅपटॉपवर काय आहे, आणि ते तुम्ही निवडलंय की आयतं आलंय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.