एकाधिपत्याचे रूपक : आरंभीच्या ख्रिस्ती ईश्वरविचारातील एक वाद

ईश्वर हा विश्वाचा राजा आहे, हे विधान ख्रिस्ती धर्मविचारात इतके रुळले आहे की, त्यातील रूपक आता आपल्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील ख्रिस्ती लेखकांना मात्र त्याची पुरेपूर जाणीव होती. ईश्वर राज्य करतो की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्नच नव्हता. राजसत्ता या उपमानातील कोणता साधारणधर्म उपमेयाकडे नेता येतो आणि कोणता नेता येत नाही, यावर त्यांचा वाद होता.

या वादाची सर्वपरिचित मांडणी एरिक पेटर्सन या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये केली. एक देव, एक सम्राट ही जोडी कडव्या एकेश्वरवादावर उभी राहते. त्रैक्याच्या सिद्धान्ताने तो पायाच काढून घेतला आणि ख्रिस्ती भूमीवर 'राजकीय ईश्वरशास्त्र' अशक्य करून टाकले, असा त्याचा निष्कर्ष. त्याचा रोख अर्थातच कार्ल श्मिटवर होता. नाझी राजवटीत केलेल्या या प्रतिपादनाचे नैतिक मोल वादातीत आहे. त्यातील इतिहास मात्र तपासून घेतला पाहिजे.

'मोनार्खिया', म्हणजे एकाधिपत्य, ही संकल्पना ख्रिस्ती लेखकांना आयती मिळाली होती. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या 'विश्वाविषयी' या ग्रंथात ईश्वराची तुलना पर्शियाच्या महाराजाशी केलेली आहे : तो अंतर्गृहात अदृश्य असतो आणि राज्य चालते ते सेवकांकरवी. उपमान एकदा स्वीकारले की त्याचा परिवारही मागोमाग येतो. सेल्ससने दुसऱ्या शतकात नेमके हेच हेरले. राजाबरोबर त्याच्या सुभेदारांनाही मान द्यावा लागतो, मग विश्वसम्राटाच्या हाताखालील देवतांना का देऊ नये? इ. स. २४८ च्या सुमारास ओरिजेनने त्याला उत्तर दिले. सेल्सस ज्यांना सुभेदार म्हणतो ती मुळात भुते आहेत, खरे सुभेदार देवदूत, असे तो म्हणतो. म्हणजे उपमा त्याने नाकारली नाही. तिच्यातील माणसे तेवढी बदलली.

पुत्राच्या ईश्वरत्वाचा प्रश्न आला तेव्हाही हेच घडले. अथेनागोरासचे निवेदन मार्कस ऑरेलियस आणि त्याचा पुत्र कॉमोडस या दोघांना उद्देशून आहे. ते साधारणतः १७७ मधले मानले जाते, आणि कॉमोडस सहसम्राट झाला तेही त्याच वर्षी. तुम्हां पितापुत्रांच्या हाती जसे सर्व काही आहे, तसेच एक ईश्वर आणि त्याचा शब्दरूप पुत्र यांच्या अधीन सर्व काही आहे, असे तो त्यांना सांगतो. श्रोत्यांचे सिंहासन हेच येथे प्रमाण ठरते. धर्मशास्त्रीय युक्तिवाद दरबारी शिष्टाचाराशी इतका एकजीव झालेला क्वचितच आढळेल.

टर्टुलियनने प्राक्सियसविरुद्ध लिहिलेला ग्रंथ सुमारे २१३ मधला. पिता आणि पुत्र एकच, अन्यथा एकाधिपत्य भंगते, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. आपल्याला ग्रीक येते याचा टर्टुलियनला थोडा तोराच आहे. लॅटिन भाषकांनी 'मोनार्खिया' हा शब्द नुसता घोकलेला आहे, असे तो उपहासाने सुचवतो. त्याचा मुख्य मुद्दा मात्र कायदेपंडिताला शोभणारा आहे. राज्य एकाचे असले म्हणून राजाला पुत्र नसावा, किंवा त्याने सत्तेत पुत्राला वाटेकरी करू नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही. एकाधिपत्य भंगते ते स्वतंत्र हक्काचे दुसरे राज्य उभे राहिले तरच. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण सेप्टिमियस सेव्हेरस २११ मध्ये वारला, त्याचे दोन पुत्र सहसम्राट म्हणून मागे उरले, आणि ते वर्ष संपण्यापूर्वीच काराकालाने गेटाचा खून करविला होता. उपमान नुकतेच रक्ताने माखले होते. टर्टुलियन त्याविषयी येथे अवाक्षरही काढत नाही.

तेव्हा पेटर्सनच्या निष्कर्षाला मुरड घालावी लागते. पुत्राचा सिद्धान्त राजकीय रूपकाला छेद देत अवतरला नाही. तो त्या रूपकाच्या आतच, सहसम्राटाच्या आसनावर बसून वाढला. ३३६ च्या सुमारास युसेबियसने कॉन्स्टंटाइनच्या गौरवभाषणात त्याच रूपकाची दिशा उलटवली आणि स्वर्गीय राज्य हे पार्थिव राज्याचे मूळ चित्र ठरवले. खरा छेद ३८० मध्ये कॉन्स्टँटिनोपलला दिसतो. नाझिआन्झसचा ग्रेगरी अराजक, बहुराजक आणि एकराजक असे तीन पक्ष मांडतो, तिसरा स्वीकारतो आणि लगेच त्याला अट घालतो : हे एकाधिपत्य एका व्यक्तीपुरते नाही. समान स्वरूप, एकच इच्छा, आणि संख्याभेद असूनही सत्त्वात फूट नाही; असे ऐक्य निर्मित सृष्टीत संभवत नाही, असे तो म्हणतो. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे उपमेची जागा 'असम' अलंकाराने घेतली. शब्द तोच राहिला, उपमान काढून घेतले गेले.

मराठी बायबलमध्ये 'सर्वसमर्थ' हा शब्द आहे. तो लॅटिन 'ओम्निपोतेन्स'ला जवळचा. ग्रीक 'पान्तोक्रातोर' मधील सर्व काही धारण करणारा अधिपती त्यात उरत नाही. त्यामुळे हा सारा वाद मराठी वाचकाला काहीसा परका वाटतो.

ग्रेगरीचा निर्बंध राजकारणाने पाळला, असेही नाही. सातव्या शतकात कॉन्स्टंटाइन चौथ्याच्या सैनिकांनी, आम्ही त्रैक्य मानतो म्हणून त्याच्या दोन्ही भावांनाही मुकुट द्या, अशी मागणी केल्याचे इतिवृत्तकार थिओफानीस सांगतो. सम्राटाने त्यांच्या पुढाऱ्यांना फासावर चढविले, आणि पुढे भावांची नाके कापली.