थंडीच्या दिवसांत कुत्र्यांची निगा

विदर्भ म्हटला की उन्हाळाच आठवतो. पण वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या गावी डिसेंबर-जानेवारीतील रात्रीही बोचऱ्या असतात. समुद्र दूर, आकाश निरभ्र आणि उत्तरेकडून येणारे वारे कोरडे. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो आणि दुपारी पुन्हा २८-३० अंशांवर चढतो. नागपुरात तर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. त्यातच अंगावर केस. तेव्हा त्याला थंडी वाजत नाही असा समज सर्वत्र आढळतो. तो निम्माच खरा. पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. डॉबरमन, डॅशहुंड, पग, तसेच महाराष्ट्रातील सडपातळ कारवानी आणि आखूड केसांचे गावठी कुत्रे यांना तेवढे संरक्षण नसते. या कुत्र्यांना रात्री स्वेटर घालण्यास हरकत नाही, मात्र उन्हे वर आली की तो काढावा. दुपारी अंगात राहिलेला किंवा दवाने ओला झालेला स्वेटर अपायच करतो.

कुत्र्याला खरी झळ लागते ती खालून. फरशी आणि सिमेंटचा ओटा रात्रभर अंगातील ऊब ओढून घेतात. महागडी गादी आणण्यापेक्षा लाकडी फळी किंवा बाज, तिच्यावर दुहेरी गोणपाट आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा एवढे पुरेसे आहे. अंथरूण रोज उन्हात टाकावे. आंघोळ कमी करून ती दुपारीच घालावी व अंग पूर्ण कोरडे करावे. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला थोडा जास्त आहार लागतो. घरात झोपणाऱ्याला तो दिल्यास केवळ चरबी वाढते. म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे थंडीत आखडतात. अशा वेळी घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मुळीच देऊ नये. ही औषधे कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

सर्वांत बिकट अवस्था पिलांची. भटक्या कुत्र्यांचा विणीचा हंगाम बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस येतो आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. साहजिकच अनेक पिले नेमकी कडाक्याच्या थंडीत जन्मतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्यांना स्वतःचे तापमान राखता येत नाही. आईची कूस हाच त्यांचा आधार. आई अन्न शोधायला गेलेली दिसताच पिले ‘अनाथ’ समजून उचलून नेण्याची घाई दयाळू माणसेच करतात. आधी काही तास दुरून पाहावे, आडोसा करावा, आईला खाऊ घालावे. शेतशिवारातील कोरडे कुटार किंवा गवत अंथरलेले खोके उत्तम. ओल धरणाऱ्या चिंध्या टाळाव्यात.

गारठलेले पिलू सापडल्यास त्याच्या तोंडात दूध ओतू नये. थंड पडलेल्या शरीरात पचन मंदावते आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आधी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीने हळूहळू ऊब द्यावी, आहार नंतर. मोठ्या कुत्र्याचे थरथरणे थांबून तो सुस्त पडला, हिरड्या फिकट झाल्या, तर ते सुधारणेचे नव्हे, धोक्याचे चिन्ह होय. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

जी पिले तगतात, त्यांना पार्व्हो गाठतो. या रोगाचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसी सुरू कराव्यात. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देतात.

भटक्या कुत्र्यांना अन्न देण्याचा प्रश्न वादाचा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत त्यासाठी मुलांच्या वर्दळीपासून दूर, ठरावीक जागा व वेळ निश्चित करण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात अशा निश्चित जागांवरच भर दिला होता.

शेकोटी विझल्यावर उबदार राखेत कुत्री येऊन निजतात. आत निखारे असल्यास भाजतात. झोपण्यापूर्वी राखेवर पाणी ओतावे आणि शेजारी एखादे जुने पोते टाकून ठेवावे. उभ्या वाहनाखालीही पिले शिरतात, म्हणून पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे.