कुमसार

कुमसार : गोव्यातील कोकणीत रूढ असलेला शब्द. कॅथलिक व्यक्तीने पाद्रीपुढे आपली पापे सांगून क्षमा मिळवण्याचा विधी, म्हणजेच मराठीतील पापनिवेदन. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेल्यावर धर्मप्रसाराबरोबर हा शब्द आला. त्याचे मूळ ‘कोन्फिस्सांव’ या पोर्तुगीज नामात शोधण्याचा मोह होतो. पण तसे असते तर शेवटी ‘सांव’ उरले असते, जसे ‘बेंसांव’चे (आशीर्वाद) कोकणीत ‘बेसांव’ झाले. शेवटचा ‘आर’ क्रियापदाचा आहे : ‘कोन्फेस्सार’, म्हणजे कबूल करणे. लग्नाला ‘काजार’ आणि ख्रिस्तप्रसाद घेण्याला ‘कुमगार’ हे शब्दही ‘काझार’ व ‘कोमुंगार’ या क्रियापदांवरूनच आले. कोकणीने परक्या क्रियापदाचे नाम केले आणि त्याला आपले ‘जावप’ (होणे) जोडले : काजार जावप, कुमसार जावप. यावर आक्षेप असा, की ‘फेस्त’ (सण) या अशाच उसन्या शब्दात टिकलेला फकार इथे कुठे गेला? ‘फेस्त’मध्ये तो आघातयुक्त आद्यस्थानी आहे; इथे आघातापूर्वीच्या मधल्या अक्षरात सापडला. ‘कोमुंगार’मधला मधला स्वरही असाच गळाला. शिवाय मूळचा ‘न’ इथे ‘म’ झाला आहे. ओष्ठ्य फकाराशेजारी असल्याखेरीज असे सहसा होत नाही. म्हणून तो मकार ही गळालेल्या फकाराची खूणच मानावी.

मग देशी शब्द असताना उसनवारी का? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत ‘ख्यापन’, म्हणजे पाप उघड करणे, अनुतापाच्या बरोबरीने आले आहे. जैनांची ‘आलोचना’ तर आणखी जवळची : शिष्य दोष गुरूला सांगतो, गुरू प्रायश्चित्त देतो. साम्य खरे आहे, ते नाकारू नये. पण आलोचनेत कर्माची निर्जरा (क्षय) साधकाच्या स्वतःच्या तपाने होते. गुरू पाप माफ करत नाही. ख्यापन चारचौघांत होऊ शकते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या कॅथलिकाला वर्षातून किमान एकदा बंधनकारक केलेल्या विधीत मात्र ऐकणाऱ्याने गुप्तता पाळायची असते आणि देवाच्या नावाने क्षमा उच्चारायची असते. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द भरपाईवर भर देतो, हा विधी सांगण्यावर आणि ऐकून मोकळे करण्यावर. धर्मोपदेशकांना हा फरक पुसायचा नव्हता, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. तरी परकेपणा वाटतो तेवढा खोल नाही : ‘कोन्फेस्सार’च्या मुळाशी असलेले लॅटिन ‘फातेरी’ (कबूल करणे) ज्या ‘बोलणे’ अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत जाते, त्याच कुळात संस्कृत ‘भण्’ मोडतो, आणि ‘भण्’पासून आपले ‘म्हणणे’ आले.