असई : दोन नद्यांमधली गढी

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. जालना जिल्ह्यात ही सवय सोडावी लागते. कुंडलिकेकाठच्या जालना शहरातला किल्ला आसफजाहाच्या आज्ञेने काबिलखानाने १७२५ मध्ये बांधला. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले, आणि तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, जिल्ह्याच्या उत्तर भागात असईची लढाई झाली. सकाळी जालन्याचा किल्ला पाहून आम्ही भोकरदनच्या वाटेने असईकडे निघालो ते हा क्रम मनात धरूनच.

असई जुईच्या काठी, दक्षिणेला केळणा. या दुआबात खरा तट नद्यांचाच होता. मातीच्या भिंतींची गावगढी हे त्याचे एक टोक. केळणेला उतार नाही असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. परंतु पिंपळगावासमोर, पलीकडच्या काठावर दुसरे गाव त्याला दिसले. समोरासमोर वसलेल्या गावांमध्ये येजा असणारच, तेव्हा उतारही असणार, हा त्याचा तर्क. नदीकाठच्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक असलेली गोष्ट इंग्रजी ग्रंथांत सेनापतीची प्रतिभा ठरली आहे! अर्थात तर्क अचूक होता, हेही मान्य केले पाहिजे.

शिंद्यांच्या कवायती पलटणी हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली होत्या. त्याने फळी चपळाईने फिरवली : उजवे टोक केळणेवर, डावे असईच्या गढीवर. कंपनीच्या उजव्या बगलेची तुकडी वाट चुकून थेट गढीसमोर आली आणि तिच्यामागून गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तोफांच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. गोलंदाजांपैकी काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. इंग्रजांची फळी पुढे सरकताच ते उठले आणि त्यांनी तोफा मागून तिच्यावर वळवल्या. इंग्रजी वृत्तांतांत याला लबाडीचा वास येतो. आम्हांला ती तोफ न सोडण्याची जिद्द वाटते.

अभ्यासकांनी थांबावे ते पुढच्या आकड्यांपाशी. कंपनीकडचे ठार ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८. हस्तगत तोफाही मोजलेल्या, ९८. आणि मराठ्यांकडचे मृत? वेलस्लीने लिहिले, रणांगणावर बाराशे. एका बाजूचा एकेक माणूस हजेरीपटावर, दुसरीचा अंदाज शेकड्यांत. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची नावे आपण पाठ करतो. पण ते रणांगण आधीच सोडून गेले होते. तोफांपाशी राहिलेल्यांचे एकही नाव आम्हांला वाचलेले आठवेना.

७४ व्या पलटणीला मात्र निशाणावर हत्ती आणि 'असई' ही अक्षरे मिरवण्याचा मान मिळाला. परतताना आम्ही केळणेच्या काठी उतरलो. पाणी जेमतेम घोट्याइतके होते आणि पलीकडून कुणीतरी सायकल हाती धरून नदी ओलांडत होते.