ओपल, कुडी आणि हिंगण्याचे भुंडे कान

मंडळी, गौरी-गणपती जवळ आले की आपल्या कर्वेनगर-कोथरूड पट्ट्यात हातानं घडवलेल्या दागिन्यांची प्रदर्शनं लागतात. हल्ली तिथल्या टेबलांवर ओपलची कानातली बरीच दिसतात. दुधाळ खडा, हलवला की आतून हिरवी-तांबडी ठिणगी उडते, खाली चांदीचं कोंदण. आणि मला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला: "ओपल लाभतो का हो? हिऱ्याऐवजी चालतो ना?"

लाभण्याचं मला विचारू नका. पण इतिहास विचाराल तर सांगतो, आणि तो थोडा लांबचा आहे.

आपल्याकडे नवरत्नं म्हणजे माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या. मोजून नऊ. यात ओपल नाही. आज पत्रिका बघणारे शुक्रासाठी हिऱ्याच्या जागी ओपल सुचवतात, पण तो उपरत्न म्हणून, मागच्या दारानं आलेला पाहुणा. गंमत अशी की नाव मात्र आपलंच असावं. ओपल हा शब्द संस्कृत 'उपल' म्हणजे दगड, यावरून ग्रीक-लॅटिनमार्गे युरोपात गेला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. शब्द इथून गेला आणि खडा तिकडून परत आला.

युरोपात या खड्याची बदनामीही झाली. वॉल्टर स्कॉटची १८२९ सालची एक कादंबरी आहे. तिच्यात एका बाईच्या केसांतल्या ओपलवर तीर्थाचा थेंब पडतो, खड्याचं तेज जातं आणि पाठोपाठ बाईही जाते. एवढ्यावरून लोकांनी ओपल अपशकुनी ठरवला. राणी व्हिक्टोरियानं मात्र ही समजूत धुडकावून आपल्या लेकींना ओपल दिले. तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या खाणी नुकत्या पुढे येत होत्या, ही वेळ लक्षात घ्या. शकुन-अपशकुनाच्या मागे बाजारही उभा असतो.

आपल्या सी. व्ही. रामन यांनाही रत्नांचं भारी वेड. १९५३ साली त्यांनी आणि ए. जयरामन यांनी ओपलच्या रंगांवर शोधनिबंध लिहिला. खरं उत्तर १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं की ओपल म्हणजे वाळूच्याच जातीच्या, सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांची रास. फळवाला संत्री रचतो तशी. या गोळ्यांच्या रांगांमधून प्रकाश फुटतो आणि रंग खेळतात. जिथे रास अस्ताव्यस्त, तिथे नुसता पांढुरका दगड. असा रंग न खेळणारा ओपल आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही सापडतो.

दगडांच्या बाबतीत आपण गरीब नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट आणि पाषाणच्या खाणीतलं हिरवं अपोफिलाइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. पण हे स्फटिक मऊ आणि ठिसूळ, कानात घालण्याचे नव्हेत. घालण्याजोगा आपला खडा म्हणजे अकीक आणि त्याची भावंडं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे ग्रीक व्यापाऱ्याचं पुस्तक सांगतं की पैठणहून असे पट्टेदार दगड गाड्यांमध्ये भरून भडोचला जात आणि तिथून जहाजानं पुढे. म्हणजे रोमच्या बाईच्या अंगावर पैठणचा खडा असणं अगदी शक्य होतं.

आता आपल्या कानाकडे येऊ. मराठी कानातल्यांत मान मोत्याचा. कुडी आठवा: मधे लाल किंवा हिरवा खडा, भोवती मोत्यांचं फूल, मागे फिरकी. (शरीरालाही आपण कुडीच म्हणतो. कुडीत प्राण आणि कानात कुडी, दोन्ही असेपर्यंत ठीक, असं माझी आजी म्हणायची.) कानाच्या वरच्या कडेला बुगडी, कानापासून केसांपर्यंत वेल, आणि पुरुषांच्या उजव्या कानात वर भिकबाळी. भिकबाळीची कथा अशी सांगतात की नवसानं झालेलं मूल जगावं म्हणून घरोघर भीक मागून त्या पैशांतून ती बाळी करायची. देवाला फसवायचा तो प्रकार: हे भिकाऱ्याचं पोर आहे, याला नेऊ नकोस. मग त्याच बाळीत मोती आणि माणिक-पाचू येऊन बसले आणि पेशवाईत ती रुबाबाची खूण झाली. आज ढोल-ताशा पथकातली मुलं घालतात ती हीच. बिचाऱ्यांच्या कानावर ही कथा आलेली नसते.

हे मोती आखाती समुद्रातले. बसरा हे बंदराचं नाव, म्हणून बसऱ्याचे मोती. मुंबई ही त्यांची मोठी बाजारपेठ होती. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात जपाननं शिंपल्यात मोती वाढवायचं तंत्र बाजारात आणलं, पुढे आखातात तेल सापडलं आणि पाणबुड्यांचा धंदा बसला. म्हणून आजीच्या पेटीत जुन्या कुड्या असतील तर मोडण्याआधी मोती तपासून घ्या. सोन्यापेक्षा ते मोलाचे निघू शकतात.

पण कर्वेनगरात राहून कानातल्यांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट टाळून चालणार नाही. आपण राहतो ती जागा म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो या माळावर एका झोपडीत हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. फर्ग्युसनमध्ये शिकवायला कर्वे इथून पायी जायचे, चिखल तुडवत. ज्या मुली इथे आल्या त्यातल्या कितीतरी बालविधवा. कुणाचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी झालेलं, नवरा नीट पाहिलेलाही नाही. ब्राह्मण घरातल्या असतील तर केस गेलेले, आणि कान, गळा, हात भुंडे.

'भुंडे' हा शब्द आपण आज सहज वापरतो. "अगं, कान भुंडे ठेवू नकोस" म्हणतो. त्या शब्दाच्या मागे काय आहे ते हिंगण्याच्या माळावर उभं राहून कळतं. बारशाच्या दिवसांत सोनाराकडून कान टोचून घेतलेले, तेव्हा ती लेक रडली म्हणून सगळं घर कौतुकानं हसलेलं. आणि दहा-बारा वर्षांनी त्याच भोकांतून कुड्या काढून घेतलेल्या. लग्नात बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन, हे धर्मशास्त्रच सांगत होतं. मालकी तिची, पण घालायची बंदी. ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिची मालकी शेवटी कुणाकडे जाते, ते सांगायला नको. दागिने सासरच्या पेटीतच राहात.

कर्व्यांनी स्वतः १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे बाया कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, म्हणून मुरूडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करणारी ही बाई पुढे १९१८ साली अमेरिकेला गेली. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. आज कमिन्स कॉलेजच्या गेटबाहेर कानात तीन-तीन रिंगा घातलेल्या पोरी वडापाव खात उभ्या असतात ना, ती जागा त्याच संस्थेची आहे.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२२ आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला त्या वर्षीच्या मे महिन्यात ठराव करावा लागला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आश्रम निघाल्याला तेव्हा सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. ठराव ही चांगलीच गोष्ट, पण आपल्या सोसायट्यांत काय चाललंय? हळदीकुंकवाला कुणाला बोलावणं जातं आणि कुणाला जात नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

कायद्याचं एक वाक्यात सांगतो. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधन नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवायला दिलं तरी ते बाईचंच राहतं आणि ते हडपणं हा गुन्हा आहे. म्हणून दागिन्यांची बिलं आणि फोटो बाईनं स्वतःजवळ ठेवावेत. स्वतःजवळ म्हणजे स्वतःजवळच.

आता बिलाचं निघालंच आहे तर. सोन्यावर सरकारचा हात जुना आहे. कर्वे नोव्हेंबर १९६२ मध्ये गेले आणि दोनच महिन्यांनी सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली आणि देशभर हजारो सोनारांचे हात रिकामे झाले. १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पण तोवर कितीतरी घरांतली पिढीजात कला संपली होती. आता उलट शुद्धतेची हमी आहे: जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा, आणि एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक हवा. तो मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. मात्र दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला आणि कुंदन-पोलकी-जडाऊला यातून सूट आहे. म्हणजे लहान कानातली नेमकी या सुटीत बसतात. शिवाय हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नाही. त्यामुळे बिलावर एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. घेताना खडा सोन्यात मोजला जातो आणि मोडताना वजा होतो, हा अनुभव घरोघरी आहे. माणिक स्वस्तात मिळत असेल तर भेगांत काच भरलेला आहे का, हे थेट विचारा.

राहिली निगा. स्वस्त ओपल बहुतेक इथिओपियाचा. २००८ च्या सुमारास तिथल्या वोलो भागात तो मोठ्या प्रमाणात सापडला, जयपूरला पैलू पडतात आणि आपल्याकडे येतो. हा खडा पाणी पितो, अगदी शब्दशः. भिजला की काचेसारखा पारदर्शक होतो, रंग जातात, वाळला की बहुधा परत येतात. स्कॉटच्या कादंबरीतला तीर्थाचा थेंब इथे खरा ठरतो बघा! पण पाण्याऐवजी तेल किंवा अत्तर प्यायला तर पिवळट पडतो आणि तो रंग सहसा जात नाही. अंघोळीला आणि केसांना तेल लावताना कानातली काढायचीच. दोन-तीन थर चिकटवलेला ओपल असेल तर पाण्यानं गोंद सुटतो.

मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे, आधी स्प्रे, मग मोती. काढल्यावर मऊ सुती कापडानं घाम पुसा. पाचूच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे गरम पाणी आणि दुकानातलं थरथरणारं सफाई यंत्र दोन्ही नको. रिठ्याचं पाणी नुसत्या सोन्याला उत्तम, मोती-ओपलला अजिबात नाही. जुन्या कोंदणाच्या कामात आत लाख भरलेली असते, ती उष्णतेनं मऊ होते आणि खडा हलतो. आणि हो, फिरकी. महिन्यातून एकदा फिरवून बघा. आटे झिजले असतील तर सोनार दहा मिनिटांत नवी बसवून देतो.