पेणकर, रोहेकर आणि एका शब्दाचं भाषांतर

बायबलचं कुठलं भाषांतर घ्यावं, असं कुणी विचारलं की मला आधी पेण आणि रोहा आठवतं. हा प्रश्न तिथल्या ज्या समाजापुढे उभा राहिला, तो ख्रिस्ती नव्हताच.

पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे, आणि रोह्यासमोर कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीतही. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी बंद. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, उपास, शेमा ही प्रार्थना, एवढं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. हिब्रू मात्र जवळपास विसरली गेली आणि धर्मग्रंथही हाती नव्हता.

तो मराठीत आणला मिशनऱ्यांनी. १८४७पर्यंत अख्खं बायबल मराठीत आलं. त्याआधीच, १८३२मध्ये, जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं. हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. पण झालं भलतंच! ख्रिस्ती फार थोडे झाले; हिब्रू मात्र बरेच शिकले. आणि मूळ भाषा आली की भाषांतर तपासता येतं.

एकच शब्द बघू. यशयाच्या सातव्या अध्यायात मुलाला जन्म देणाऱ्या स्त्रीसाठी ‘अल्मा’ हा हिब्रू शब्द आहे. अर्थ, तरुण स्त्री. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘कुमारी’ या अर्थाचा शब्द आला, मत्तयाने तोच घेतला, आणि ख्रिस्ती वाचकाला त्यात येशूच्या जन्माचं भाकीत दिसलं. मराठी बायबलातही ‘कुमारी’च आहे. म्हणजे यहुदी माणूस आपलाच ग्रंथ आपल्याच मायबोलीत वाचतोय, आणि एका शब्दापाशी तो ग्रंथ दुसऱ्याच्या धर्माची साक्ष देऊ लागतो. हा शब्द किती नाजूक आहे बघा: १९५२मध्ये अमेरिकेतल्या नव्या इंग्रजी आवृत्तीने तिथे ‘तरुण स्त्री’ लिहिलं, तर एका पाळकाने ते पानच जाळलं.

बेने इस्राएलांनी काही जाळलं नाही. ते स्वतः भाषांतराला बसले. मुंबईच्या ससून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. १८८०च्या सुमारास समाजात मराठी कीर्तनंही सुरू झाली. टाळ, आख्यान सगळं आपल्याकडचंच, कथा मात्र मोशे आणि योसेफाची. मिशनऱ्यांचं मराठी बायबलही त्यांनी टाकून दिलं नाही. ते वाचलं, पण डोळे उघडे ठेवून.

म्हणून माझं उत्तर एवढंच. भाषा सोपी आहे का, हे जरूर बघा. पण त्याआधी भाषांतर कुणी केलं आणि कुणासाठी केलं, हे विचारा. आणि जमलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. जिथे ती वेगळी होतात, तिथेच खरी गोष्ट सुरू होते.